रूथचा पहिला अध्याय वाचतो, पुढचे तीन का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की मराठी चर्चमध्ये बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातला एक उतारा हमखास कानावर पडतो. तुम्ही जाल तिकडे मी येईन, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. पत्रिकेवर तो छापला जातो, पाळकांच्या संदेशात येतो, नवरा-नवरीच्या मागच्या कापडावरही रंगवला जातो. हे बोल एका विधवा सुनेने विधवा सासूला उद्देशून काढलेले आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि लग्नात ते वाचायला आमची हरकत नाही. तक्रार इतकीच की वाचन तिथेच थांबते. रूथची शपथ पहिल्या अध्यायातल्या दोन वचनांत संपते. ती पाळायला पुढचे तीन अध्याय लागतात, आणि त्या तीन अध्यायांत धान्याची मापे, पिण्याचे पाणी, जेवणाची सुट्टी, जमिनीचा व्यवहार आणि साक्षीदार आहेत. देवाच्या अढळ निष्ठेबद्दल आणि ख्रिस्ती माणसाकडून अपेक्षित असलेल्या निष्ठेबद्दल मंडळीला काही शिकवायचे असेल तर ते इथून शिकवावे, यासाठी हे पत्र.

या पुस्तकात देव एकदाही बोलत नाही. स्वप्न नाही, दूत नाही, चमत्कार नाही. परमेश्वराने स्वतः काही केले असे लेखक दोनच ठिकाणी सांगतो. आपल्या लोकांची भेट घेऊन त्याने त्यांना अन्न दिले (१:६), आणि रूथला त्याने गर्भ दिला (४:१३). पहिली भाकर, शेवटी मूल. या दोहोंमधले सगळे माणसांच्या हातून घडते. तरीही दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी रूथची सासू नामी म्हणते की, जिवंतांवर आणि मेलेल्यांवर दया करायचे परमेश्वराने सोडले नाही. हे ती कशावरून म्हणते? सुनेने घरी आणलेल्या सातूच्या ओझ्यावरून. स्तोत्र १३६ मध्येही हाच क्रम आहे. 'त्याची दया सनातन आहे' हे त्यातल्या २६ही वचनांचे पालुपद. आकाश, सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, मोठमोठे राजे असे एकेक मागे टाकत ते स्तोत्र २५व्या वचनात येऊन पोचते ते अन्नापाशी: तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. देवाच्या निष्ठेचे सर्वांत मोठे वर्णन भाकरीपर्यंत येते, याचा विसर पडला की आपली उपासना नुसती गोड होते.

आता नामीची स्थिती पाहा. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडले, मवाब या परक्या देशात सुमारे दहा वर्षे काढली, तिथे आधी नवरा गेला आणि मग दोन्ही मुलगे. परत आल्यावर गावच्या बायकांना ती सरळ सांगते की मला नामी म्हणू नका, 'मारा' म्हणजे 'कडू' म्हणा. मी भरल्या हाताने गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणले. हे बोलताना रूथ तिच्या शेजारी उभी आहे! दुसरी कोणी असती तर दुखावली असती. रूथ एक शब्द बोलत नाही, आणि संपूर्ण पुस्तकात नामीला तिच्या या बोलण्याबद्दल कोणीही टोकत नाही, लेखकसुद्धा नाही. आपल्याकडे नेमके उलटे होते. मयताच्या घरी बाईने 'देवाने माझ्यावर का आणले?' असे म्हटले की लगेच कोणीतरी वचन काढून तिचे तोंड बंद करतो. तिथे वचन मिटून ठेवावे आणि घरात पीठ आहे का ते बघावे. रूथने तेच केले. पुढच्याच प्रसंगात ती म्हणते, मला शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसे, वेचायला जाऊ द्या.

जाता जाता नामीची दुसरी सून अर्पा हिच्याबद्दल. ती माहेरी परतली म्हणून तिला बेइमान ठरवणारे संदेश फार होतात. पुस्तकात तसे कुठेही नाही. नामीने दोघी सुनांना एकच आशीर्वाद दिला आणि दोघींनाही परत जायला सांगितले. अर्पाने सासूचे ऐकले. तिला दोष न देताही रूथ मोठीच राहते.

सरव्याचा नियम बायबलच्या लेवीय (१९:९-१०) आणि अनुवाद (२४:१९-२२) या पुस्तकांत आहे. शेताच्या कडेपर्यंत कापू नये. कापताना खाली पडलेले वेचू नये. एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला परत जाऊ नये. हे सारे परका, पोरका आणि विधवा यांचे. किती सोडायचे याचा आकडा मोशेच्या नियमशास्त्रात नाही. पुढे यहुदी गुरूंनी कमीत कमी साठावा भाग ठरवला. नियमाची घडण बघण्यासारखी आहे. मालकाने दान द्यायचे नाही, कापणारा हात आवरायचा. गरिबाने हात पसरायचा नाही, स्वतः वेचायचे. आणि कारण दिले आहे ते असे: तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव. देव आपल्याशी निष्ठेने वागला म्हणून शेताची कड सोडायची, इतका तो सरळ हिशोब आहे.

नियम असला तरी तो पाळला जाईलच असे नव्हते. तो शास्त्यांचा, म्हणजे इस्राएलात राजा नसतानाचा काळ, ज्याच्या त्याच्या मनाला येईल तसे वागण्याचा. एकटी, तरुण, परक्या मुलखातली बाई शेतात वेचायला गेली की काय होते हे त्या शेताचा मालक आणि नामीच्या नवऱ्याचा नातलग बवाज याला पुरते माहीत होते. म्हणून त्याने नुसता आशीर्वाद दिला नाही, व्यवस्था लावली. तिला सांगितले: दुसऱ्याच्या शेतात जाऊ नको, माझ्या कामकरणींच्या जवळ राहा, तहान लागली की गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पाणी पी. गड्यांना ताकीद दिली की तिच्या अंगाला हात लावायचा नाही. जेवणाच्या वेळी तिला पंगतीत बसवले आणि भाजलेले दाणे दिले. ती पोटभर जेवली आणि तिने उरवलेही. ती उठून कामाला गेल्यावर त्याने गड्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. पेंढ्यांतूनही तिला वेचू द्या, काही कणसे मुद्दाम ओढून टाका आणि तिला धमकावू नका. हे तिच्या माघारी सांगितले आहे. तिला वाटले पाहिजे की आपण वेचले, आणि ते खरेही होते.

संध्याकाळी झोडल्यावर एफाभर सातू निघाले. एफा सुमारे २२ लिटरांचा धरला तर सातूचे वजन १३ किलोच्या आसपास भरते. दोघींना रोज अर्धा-अर्धा किलो लागला तरी जवळजवळ दोन आठवड्यांची बेगमी एका दिवसात झाली. सरवा वेचणाऱ्या बाईला एवढे सहसा मिळत नाही; म्हणूनच नामी पहिल्यांदा विचारते, आज कुठे वेचलेस? जेवताना उरवलेले दाणेही रूथने पदरातून काढून सासूला दिले. आणि हे एका दिवसाचे नव्हते. सातूचा हंगाम संपून गव्हाचा संपेपर्यंत, म्हणजे साधारण सात आठवडे, ती तिथेच वेचत राहिली. सात आठवडे उन्हात वाकून काम, आणि घरी आल्यावर सासूची सोबत.

ती मवाबी होती ही गोष्टही लेखक पुन्हापुन्हा सांगतो. अनुवाद २३:३ प्रमाणे मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत यायला मज्जाव. गावाला तिला दूर ठेवायचे असते तर शास्त्रातले वचन हाताशी होते. बवाजाने त्याच शास्त्रातले सरव्याचे वचन धरले. दोन वचनांपैकी कोणते आधी हातात घ्यायचे, यावरून माणूस ओळखता येतो असे आमचे मत आहे.

शेतात भेटला तेव्हा बवाजाने प्रार्थना केली होती की, ज्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला पुरे प्रतिफळ देवो. तिसऱ्या अध्यायात रूथ रात्री खळ्यावर येते आणि त्यालाच म्हणते, तुम्ही मला आपल्या पांघरुणाखाली घ्या, म्हणजे माझ्याशी लग्न करा. ज्याने प्रार्थना केली त्याच्याच पदरी ती पूर्ण करण्याचे काम आले. मंडळीत 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे दोन अध्याय एकापाठोपाठ एक वाचावेत. बवाज तिला उजाडायच्या आत घरी पाठवतो, म्हणजे कोणी तिचे नाव घेऊ नये, आणि सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नको म्हणून ओढणीत सातूची सहा मापे घालून देतो.

मग येतो वेशीचा प्रसंग, पुस्तकातला सर्वांत कमी वाचला जाणारा. गावचे व्यवहार तेव्हा वेशीत होत. बवाजापेक्षा जवळचा एक नातलग होता आणि नामीच्या घरची जमीन सोडवून घेण्याचा पहिला हक्क त्याचा. बवाज त्याला ओलांडून गेला नाही. त्याच सकाळी वेशीत जाऊन बसला, तो माणूस आल्यावर त्याला बसवले, गावचे दहा वडील जन बोलावले आणि जमिनीची गोष्ट काढली. नातलग म्हणाला, मी सोडवून घेतो. मग बवाजाने सांगितले की शेताबरोबर रूथचाही भार घ्यावा लागेल आणि मेलेल्याचे नाव त्याच्या वतनावर चालवावे लागेल. तेव्हा तो मागे सरला, माझे वतन बिघडेल म्हणाला. त्याचा हिशोब चुकलेला नव्हता. पैसे त्याचे जाणार, आणि जमीन शेवटी मेलेल्याच्या नावाने वाढणाऱ्या मुलाकडे जाणार. बवाजाने तोच तोटा डोळे उघडे ठेवून पत्करला. त्या काळच्या रीतीप्रमाणे जोडा काढून दिला गेला, साक्षीदारांनी होकार भरला, व्यवहार पक्का झाला. वतन जपणाऱ्याचे नाव पुस्तकात नाही. बवाज त्याला 'अरे अमक्या' अशीच हाक मारतो. रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत रूथचे नाव आहे.

इथून आपल्या मंडळ्यांकडे येतो, कारण आपलेही नेमके इथेच बिघडते. पुरण्याच्या दिवशी चर्च भरते. महिन्याच्या किंवा चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत घरात माणसे असतात. त्यानंतर येणे-जाणे थांबते, आणि खरी अडचण तेव्हाच सुरू होते. पगार बंद झालेला असतो, कागद अडलेले असतात, मुले आपापल्या गावी परतलेली असतात. मंडळीला प्रेम नसते असे नाही. हे काम कोणाचे, ते ठरलेले नसते. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत हेच झाले होते. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही. सात माणसे निवडून घेतली, आणि त्या सातांची नावे, स्तेफन आणि फिलिप्प यांच्यासह, सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्या बाजूच्या लोकांच्या हाती वाटप गेले. आपल्या यादीतून कोण सुटते ते तपासावे. कामासाठी परगावाहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी, जिच्या मुलाचे कमिटीशी भांडण आहे ती, दुसऱ्या मंडळीतून लग्न होऊन आलेली आणि आता चर्चला यायला पाय चालत नाहीत ती. सेवा करणाऱ्यांत यांच्यापैकी एकीला तरी घ्यावे.

काम कसे बांधावे याविषयी थोडे. दोघींच्या जोडीला पाचपेक्षा जास्त घरे देऊ नयेत. जास्त दिली की दोन महिन्यांत भेटी गळतात. पंधरा दिवसांतून एक भेट, वीस-पंचवीस मिनिटांची, जेवणाची वेळ टाळून. एका वहीत चार रकाने पुरतात: तारीख, औषधे किती दिवसांची उरली, कोणता कागद अडला आहे, पुढची भेट कधी. वही पंचांच्या मासिक सभेत उघडलीच पाहिजे, नाहीतर ती कपाटात जाते. अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन घरी नेण्याची तारीखही त्याच वहीत असावी. फोटो काढू नयेत. सणाच्या दिवशी पिशव्या वाटतानाचे फोटो ग्रुपवर टाकले की पुढच्या वर्षी गरजू बाई घरीच राहते. बवाजाने अंधारात घरी पाठवण्याची काळजी घेतली ती याचसाठी. जिच्या हातून काम होते तिला काम द्यावे. संमेलनाचा स्वयंपाक, शिवण, चर्चची झाडलोट, जे असेल ते गावच्या चालू दराने, 'सेवा समजून' अर्ध्या दरात नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणले तेव्हा नुसते अन्नछत्र चालवले नाही. छापखाना, विणकाम आणि शेती त्यांच्या हाती दिली, आणि रमाबाईंचे मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात छापले गेले.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येतोच. पिकाच्या सणाला धान्य, भाजी, कोंबडी यांचा लिलाव आपल्याकडे होतो. सगळी रक्कम बांधकाम निधीत जाण्याआधी सरव्याचा भाग बाजूला काढावा. ₹६०,००० जमले तर साठावा भाग अवघा हजार रुपये, तो तर किमान झाला. दशांश काढला तर ₹६,००० होतात, म्हणजे एका वृद्धेच्या औषधांना वर्षभर दरमहा ₹५००. रक्कम लिलावाआधी ठरवून सभेत जाहीर करावी, कारण नंतर पत्र्याचा आणि रंगाचा खर्च नेहमी पुढे येतो. एक सावधगिरी १ तीमथ्य ५ मध्येच आहे. मुले-नातवंडे असतील तर पहिली जबाबदारी त्यांची, आणि मंडळीने मदत करताना ती त्यांच्या डोक्यावरून उतरवू नये. नाव वहीत घेण्याआधी मुलांना भेटावे, बोलावे, दरमहा काय देणार ते विचारावे.

सर्वांत जास्त कुचराई कागदांत होते. आजची वेस म्हणजे तलाठी कार्यालय, तहसील आणि बँक, आणि तिथे बाईबरोबर जाऊन बसणे हे वेशीत बसण्याइतकेच ख्रिस्ती काम आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात. शेतजमीन असेल तर वारसाची माहिती तलाठ्याला तीन महिन्यांत द्यावी आणि फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत सध्या दरमहा ₹१,५०० मिळतात, वयाची ६५ झाल्यावर श्रावणबाळ योजना. कौटुंबिक उत्पन्नाची अट वर्षाला ₹२१,००० आहे आणि धर्माची अट नाही. अर्ज बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्यावर किंवा आधार न जोडलेल्या खात्यावर अडतो, आणि चालू झालेले अनुदान वर्षाचा हयातीचा दाखला न दिल्याने बंद पडते. या तिन्ही गोष्टी वहीत हव्यात.

आणि नामीसाठी आज कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला आणि मुले असली तर पत्नीला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. मृताच्या आईला काहीच नाही, ती त्याच घरात राहत असली तरी. (गोव्यातला नागरी कायदा वेगळा आहे, तिथल्यांनी तो वेगळा पाहावा.) म्हणजे मुलगा गेलेली सासू पूर्णपणे सुनेच्या आणि नातवंडांच्या मर्जीवर, आणि प्रत्येक घरी रूथ नसते. यावर उपाय साधा आहे. कमावत्या मुलाने मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. स्वतःची सही दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. साक्षीदार असा निवडावा की ज्याला किंवा ज्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्रात काही दिलेले नाही, नाहीतर त्याला दिलेले तेवढे रद्द ठरते. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र या कायद्याखाली लग्नाबरोबर रद्द होते, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणून लग्नानंतर ते नव्याने करावे आणि त्यात आईसाठी हयातभर राहायची खोली कोणती व तिच्या खर्चाची दरमहाची रक्कम किती, हे आकड्यात लिहावे.

आपले,
मराठी मंडळीतील काही पंच आणि महिला मंडळाच्या सेविका,
अहिल्यानगर जिल्हा